हेड ऑफिसचा फोन आणि टीव्हीची हर्रास

“हॅलो?… हॅलो, सन्मतीची माय? ऐक. आजची तारीख लिहून ठेव. आजच्या दिवशी, आपल्या कारंज्यात, आपल्या घरात, सारी दुनिया एका वायरीतून आली. आता पाऊस येवो, वारा येवो, गच्चीवरच्या डिशच्या छत्रीवर वानर बसो, पदमचंदच्या घरातला टीव्ही या जन्मात बंद पडणार नाही!… काय?… नाही, आता बंद हाये. तुहा फोन आला ना, म्हणून बंद पडला.”

हे बोलताना पदमचंद कमरेत वाकून, नाक टीव्हीला लागेल अशा बेताने उभे होते. भक्ती वगैरे काही नव्हती. त्यांचा फोन एका वायरीने टीव्हीला जोडलेला होता आणि वायर होती दीड हात. फोनवर जे दिसेल ते टीव्हीवर दिसायचे, आणि आत्ता टीव्हीवर बत्तीस इंच भरून दिसत होत्या त्यांच्या पत्नी सूरजबाई. गच्चीवर, भर उन्हात, डोक्याला ओला टॉवेल बांधलेला, आणि पापडावर टपलेल्या कावळ्याकडे पाहावे तशी नजर. फोटोच्या वर मोठ्या अक्षरांत नाव झळकत होते: हेड ऑफिस.

बैठकीत बसलेल्या चौघांनी ते वाचले. हसले कोणी नाही. तिघांच्या घरी हेड ऑफिस होते आणि चौथी, मोबाइलच्या दुकानाची रूपा, स्वतःच एका घराचे हेड ऑफिस होती.

“कोण?… कोणी नाही. एकटाच हावो… खोकला? तो टीव्हीतला… हो, टीव्ही बंद हाये. बरोबर हाये. मंग हायेत. चार जणं हायेत… अवं, बैठक नाही कोणाच्या लग्नाची. हर्रास हाये… आपल्या घरात, हो… अवं ऐक ना, घर नाही विकून राह्यलो!”

आता हर्रास म्हणजे काय, हे कारंज्यात कोणाला सांगावे लागत नाही. बाजार समितीत मालाचे ढीग लागतात, व्यापारी या ढिगावरून त्या ढिगावर जातात, मूठभर दाणे हातात घेतात, फुंकतात, एखादा दाताखाली फोडतात आणि बोली लागते. पदमचंदांनी चाळीस वर्षे अडत केली आणि या चाळीस वर्षांत एकही वस्तू चार ढीग पाहिल्याशिवाय घेतली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी अडत बंद केली, सवय मात्र चालूच राहिली. पुण्याला असलेल्या मुलाला, सन्मतीला, त्यांनी महिन्यापूर्वी विचारले होते, की इंटरनेटवरचा टीव्ही घरी लावायचा तर कसा लावायचा. सन्मती म्हणाला, “बाबा, चार प्रकार आहेत,” आणि मीटिंगला गेला. पदमचंदांना तेवढे पुरे होते. चार प्रकार म्हणजे चार ढीग. त्यांनी चारही ढीग एकाच दिवशी, एकाच वेळी घरी बोलावले.

“…हो, हो… कोण कोण ते सांगतो. पहिला अमरदीप, टीव्हीच्या शोरूमवाला. दुसरी आपली रूपा. तिसरा मोहनसिंग केबलवाला. अन् चौथा चंपत… भाजीवाला चंपत, हो… तो भाजी द्याले आल्ता, बसला… काय आणलं?… वालाच्या शेंगा, दोडके… नाही वं, आलू कांदे नाही आणत तो आपल्या घरी, पंधरा वर्षांपासून आणून राह्यला, त्याले माहीत नाही का?… हो, सांगतो त्याले. चंपत, हे म्हणते तुह्या घरच्या गिरजाबाईचं गुडघ्याचं कसं हाये?… बरं हाये म्हणते.”

बोली पैशाची नव्हती, चक्राची होती. पडद्यावर चित्र थांबते आणि मधोमध एक गोल फिरत राहते, ते चक्र. कसोटी सगळ्यांना एकच: कालचे महाराजांचे प्रवचन लावायचे, दहा मिनिटे चालवायचे, आणि चक्र किती वेळा फिरले ते मोजायचे. ज्याच्यात चक्र कमी त्याचा ढीग पास. धान्यात ओलावा मोजतात, यात चक्र मोजायचे. पदमचंदांना यात काहीच नवे वाटले नव्हते. फक्त एकच अडचण आली. हर्रास सकाळी अकराला सुरू झाली आणि दुपारचे चार वाजून गेले तरी प्रवचन काही सलग दहा मिनिटे चालले नव्हते.

“…रिमोट चालून नाही राह्यला ना. सेल गेले… आपटून पाह्यला… काढून, उन्हात ठेवून, परत टाकून पाह्यले… अदलाबदल बी केली, वरचा खाली, खालचा वर… घड्याळातला? काढला ना. तो जाडा हाये, रिमोटात जाऊन नाही राह्यला… नाही, परत नाही लावला. घड्याळ तीन दहावर हाये… म्हणून तर टाइम समजून नाही राह्यला.”

इथे रूपाने पर्समधून बारीक सेलचे एक कोरे पाकीट काढून पदमचंदांच्या डोळ्यांसमोर धरले. सकाळपासून चौथ्यांदा. पदमचंदांनी मान हलवली. घरात सेल आहेत, सन्मतीच्या मायने कुठेतरी नीट ठेवलेले आहेत, आणि घरात असलेली वस्तू बाहेरून आणायची नाही, असे त्यांनी आधीच्या तिन्ही वेळा सांगितले होते. रूपाने पाकीट परत पर्समध्ये ठेवले.

“…कुठं ठेवले होते तू सेल?… मसाल्याच्या डब्याच्या मांगं पाह्यलं… शिलाईच्या मशीनच्या खणात पाह्यलं, तठी बटणं हायेत… देवाच्या कोनाड्यात? तठी सेल कायले ठेवशील?… काय म्हणतं? सेल घरात नाहीच?… तू जाच्या आधीच संपले होते?… मंग सांगतलं काहून नाही?… सांगतलं होतं. बरं.”

सूरजबाई जाऊन पाच महिने झाले होते. सून रुचिका बाळंत होणार म्हणून जूनमध्ये गेल्या, दोन महिन्यांसाठी. नात झाली, कृतिका. दोनाचे तीन झाले, तिनाचे चार. दिवाळीला पदमचंद स्वतः पुण्याला जाऊन आले, चार दिवस नात मांडीवर घेऊन बसले आणि निघताना त्यांनी आपल्या पद्धतीने, आडून, एक प्रश्न विचारला. सूरजबाई म्हणाल्या होत्या, इथे रोज सकाळी टीव्हीवर प्रवचन दिसते, कारंज्याला छत्रीवर वानर बसले की काहीच दिसत नाही. पदमचंद ते ऐकून परत आले. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी एक गोष्ट पक्की बांधलेली होती: गिऱ्हाईक न येण्याचे जे कारण सांगेल, तो माल दुसऱ्या दिवशी दुकानात दिसला पाहिजे.

तो माल आज दुकानात होता. चार ढीग.

“…ऐक ना, ऐक. आधी अमरदीपचं ऐक. तो म्हणते जुना टीव्ही देऊन टाका, नवा घ्या, साऱ्या गोष्टी त्याच्या पोटातच हायेत. वेगळी डबी नाही, वेगळी काडी नाही… चांगलं हाये, चांगलं कोण नाही म्हणते? पण सन्मतीची माय, बैल अन् बंडी एकच करून टाकली त्यानं. बैल बसला का बंडीबी बसली. इथं बैल बदलवता येते… हो, बोलते बी तो टीव्ही. आपण बोललं का तो ऐकते… मोबाइलवर दाखवलं ना त्यानं. म्या म्हटलं, प्रवचन लाव. तो म्हणे, माफ करा, पुन्हा सांगा. म्या पुन्हा सांगतलं. तो म्हणे, माफ करा. तिसऱ्या खेपेले म्याच माफी मांगतली.”

अमरदीप काहीतरी खुलासा करायला पुढे सरकला, पण पदमचंदांनी त्याला हाताने खाली बसवले. हर्रासीत एका ढिगावर बोलणे चालू असताना मालकाने बोलायचे नसते.

“…काय?… टीव्हीवरचं आवरण?… काढलं… अवं फाडलं नाही, काढलं… लाल लोकरीचं, मोत्याच्या झालरीचं, हो, तेच… नीट घडी करून ठेवलं… कुठं म्हणजे… चंपतच्या टोपलीवर झाकलं हाये. शेंगाले ऊन लागत होतं… उचललं, उचललं, हे पाह्य, उचललं. चंपत, दे रे ते इकडं.”

चंपतने मोत्याची झालर शेंगांमधून सोडवून दिली. दोन मोती टोपलीतच राहिले. ते त्याने पाहिले, पदमचंदांनी पाहिले, आणि दोघांनीही फोनला सांगितले नाही.

“…हो. आता रूपाची काडी. एवढीशी हाये, अंगठ्याएवढी. टीव्हीच्या मांगं एक भोक राह्यते, त्याच्यात खुपसाची. नवा टीव्ही नको, काही नको. तिचा रिमोट वेगळा, त्याच्यात सेल बी नवे… नाही ना, उपयोग नाही! टीव्हीले सांगा लागते का बाबा त्या भोकातलं दाखव. ते सांगाचं बटण जुन्या रिमोटवर. अन् जुन्या रिमोटात सेल नाही… हसून कायले राह्यली?… तेच म्हणतो ना म्या. काडी आत जाऊन बसली, दिवा लागला तिचा, तिची सारी तयारी हाये, अन् टीव्ही छत्रीकडंच तोंड करून बसला… अन् छत्रीवर वानर.”

“…तिसरा मोहनसिंग. त्याचं लय मोठं काम हाये. त्याची फायबरची वायर येते, तिच्यासंगं नेटची डबी येते, टीव्हीची डबी येते, साऱ्या वाहिन्या, सारं त्याच्यातच. म्या विचारलं, मोहनसिंग, वायर कुठून येईन? तो म्हणे, समोरच्या खांबावरून, गल्लीवरून, खिडकीतून. म्या म्हटलं, अन् कापसाचे ट्रक कुठून जाते?… तेच ना! गेल्या साली हंगामात तीन वेळा ट्रकनं ह्याची वायर ओढून नेली. एक वेळा तर मूर्तिजापूरच्या रस्त्यापर्यंत नेली… आता म्हणते उंच बांधीन. कापूस बी उंच भरते म्हटलं, दरसाली उंच भरते… नाही, लावून देली ना त्यानं आज, नमुना म्हणून. खिडकी लागून नाही राह्यली आता, वायर मधात येते. थंडी येते थोडीशी. पण नेट येते… हो, नेटसंगंच येते थंडी.”

मोहनसिंग यावर काहीच बोलला नाही. तो एरवी बोलका माणूस, वायर तुटली की फोनवर अर्धा तास तोंड चालवणारा. पण आज अर्ध्या तासापासून त्याचा एक गाल फुगलेला होता आणि डोळे कुठेतरी दूर लागलेले होते.

“…देलं ना खायाले. असे कसे उपाशी ठेवीन?… चहा देला. अन् ते निळ्या डब्यातलं देलं, खारं… हो, निळा, वरच्या फळीवरचा… गोल गोल, पिवळे… काय?… मुगाच्या वड्या?… कच्च्या?… भाजीत टाकाच्या?… तरीच! मले वाटलं, पुण्याहून सुनेनं काही नवीन धाडलं… खाल्ल्या ना त्याइनं. कोणीच काही बोललं नाही. रूपानं तर म्हटलं, चांगल्या खुसखुशीत हायेत… अवं, मोहनसिंग अजून पहिलीच चावून राह्यला.”

मोहनसिंगने वडी शांतपणे हातात काढून घेतली आणि अर्ध्या तासात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

“…हो, हो… आता तुले एक सांगतो, रागावू नको. त्या नेटच्या डबीले पासवर्ड लागते. मोहनसिंग म्हणे, आठ अक्षरं पाह्यजे, कमी नाही. म्या विचार केला. पदमचंद दहा होते, जास्त झाले. सन्मती सहा का सात, त्याचं नक्की नाही. मंग तुहं नाव लिहून पाह्यलं, इंग्रजीत. सूरजबाई. बरोबर आठ बसले… तसं काही नाही वं, बसले म्हणून ठेवलं… कोणाले माहीत? या चौघाइले माहीत. अन् बाजूच्या घरी सांगा लागलं, त्याइनं मांगतला… अन् त्याच्या बाजूच्या… हो, आता गल्लीत नेट पाह्यजे तर साऱ्याइले तुहंच नाव घ्या लागते… बदलवू?… मंग कोणतं ठेवू? सन्मतीची माय लय लांब होते.”

फोनमधून बराच वेळ काही आले असावे, कारण पदमचंद बराच वेळ “हो… हो… बरोबर हाये…” एवढेच म्हणत राहिले. मग ते एकदम खुलले.

“…अवं ते जाऊ दे, चंपतचं ऐक ना! ह्या तिघाइची अक्कल चालून नाही राह्यली, रिमोट बंद. चंपत उठला. म्हणे, शेटजी, हर टीव्हीले मांगं एक बटण राह्यते. ह्या तिघाइले माहीत नाही! शोरूमवाल्याले माहीत नाही! चंपतनं टीव्हीच्या मांगं हात घातला, वेलाच्या पानाखाली काकडी चाचपतात तसा चाचपला, अन् दाबलं. टीव्ही भोकावर आला. अन् त्याच्या खिशात एक वायर होती. म्हणे, मळ्यातल्या खोलीवर म्या असंच पाहतो. एक टोक फोनात, एक टोक टीव्हीत. बस. नवा टीव्ही नाही, डबी नाही, खांब नाही. प्रवचन लावलं. महाराज आले, बत्तीस इंच. आवाज साफ. चक्र एकबी नाही. एक मिनट झाला… दोन मिनट झाले… अन् तिसऱ्या मिनटाले महाराजांच्या जागी तू आली.”

“…फोटो? कोणता फोटो म्हणजे… तुहाच… गच्चीवरचा… हो, टॉवेलवाला… मोठा दिसून राह्यला, हो… चौघंबी पाहून राह्यले… नाही, वाईट नाही दिसत. रूपा म्हणते, पापड चांगले वाळले होते.”

अमरदीपने मान डोलावली. खरे म्हणजे हर्रास इथे संपली होती. चार ढिगांतला चौथा पास झाल्यासारखाच होता आणि त्यातला दोषही जगासमोर उघडा पडला होता: हेड ऑफिसचा फोन आला की महाराजांनाही थांबावे लागते. पदमचंद आता निकाल सांगण्याच्या बेतात होते. पण धंद्यातला माणूस शेवटची बोली लावण्याआधी बाजारातला भाव विचारतोच.

“…तूच सांग आता. तुह्या तिकडं कसं लावलं सन्मतीनं? काडी हाये का टीव्हीतच हाये?… टीव्हीतच. अन् थांबते का मधात? चक्र किती वेळा फिरते?… काय?… बंद हाये?… पुण्याचा बंद हाये?”

पदमचंद ताठ उभे राहायला गेले. वायर ताणली, टीव्ही चार बोटे पुढे सरकला, आणि चंपतने झेप घालून तो धरला.

“…कधीपासून?… आठ दिवस?… रस्ता खोदला, वायर तुटली… तठीबी ट्रक हायेत का?… सन्मतीनं सांगतलं नाही मले… हो, तो कशाले सांगतो… पण आठ दिवस झाले? रोज सकाळचं प्रवचन?… नाही पाह्यलं?… एकबी दिवस नाही?… मंग तू आठ दिवस काय पाहून राह्यली?”

यावर पलीकडून जे उत्तर आले ते लांब असावे. पदमचंदांचा चेहरा एकदा आक्रसला आणि मग, त्यांची इच्छा नसताना, हळूहळू पसरत गेला.

“…दोन?… खालचे?… शेंगदाण्याएवढे तरी दिसते का?… तांदळाएवढे… चावते?… तुह्या बोटाले?… अन् हसते बी?… हो… हो… कुशीवर तर म्या असतानीच वळत होती… आता रांगाच्या तयारीत?… एवढ्यात?… माह्यावर नाही गेली, माह्यावर गेली असती तर बसून राह्यली असती.”

 टीव्हीवर सूरजबाई कावळ्याकडे पाहतच होत्या. पदमचंदांनी त्या फोटोकडे पाहिले, काडीकडे पाहिले, खिडकीत अडकलेल्या वायरीकडे पाहिले. गिऱ्हाईकाने कारण सांगितले होते, दुकानदाराने तो माल एक नाही, चार प्रकारांत आणून ठेवला होता, आणि गिऱ्हाईक त्या मालाशिवाय आठ दिवस आनंदात होते.

“…मंग तू काहून म्हणाली होती का कारंज्याले टीव्ही दिसत नाही?… म्हणाली होती ना दिवाळीले… म्या काय विचारलं होतं?… ‘अजून किती दिवस हाये इकडं’, असं… बरोबर विचारलं ना मंग… त्याच्यात काय चुकलं?… असं नाही विचारत?… मंग कसं विचारतात?”

 चौघेही छताकडे पाहू लागले. माणसे कान देऊन ऐकू लागली की छताकडे पाहतात.

“…अवं पण ते काय सांगाची गोष्ट हाये?… शेहेचाळीस वर्षं झाले… हो… तू माहेरी कामरगावले गेली का… हो, दर वेळी गाडी धाडली ना म्या?… म्या नाही आलो, पण गाडी आली ना?… ट्रक होता, बरोबर हाये… पोत्यावर नाही वं बसली तू, डायवरच्या बाजूले बसली होती… हंगाम होता तवा… दर साली हंगाम होता, हो… ‘ये’ नाही म्हटलं म्या, नाही म्हटलं कधी. गाडी आली म्हणजे समजावं ना माणसानं…

“…आता पुण्याले ट्रक कसा धाडू?… चेष्टा नाही करून राह्यलो… हो, ऐकून राह्यलो… म्हणून टीव्हीचं नाव सांगतलं तू?… म्या समजीन म्हणून?… अन् म्या टीव्ही समजलो.”

छताकडे पाहता पाहता रूपाच्या तोंडून हसू निसटले. तिने ते खोकल्यात बुडवले.

“…आता म्हणू?… आता?… चार जणं बसले हायेत वं समोर… नंतर म्हणतो ना… रात्री… नाही, ठेवू नको. ठेवू नको! थांब. थांब मिनटभर.”

पदमचंदांनी चौघांकडे पाहिले. चंपत टीव्हीला दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांत विनंती होती, कारण त्याचा ढीग चक्राविना दहा मिनिटे चालून पास व्हायला फक्त सात मिनिटे बाकी होती. पदमचंदांनी फोनातली वायर उपटली. टीव्ही काळा झाला. काळ्यावर ‘नो सिग्नल’ असे दोन इंग्रजी शब्द आले, आणि चौघेजण पाहुण्यांनी पाहावे तसे आदराने ते पाहत बसले.

स्वयंपाकघरात कुकर होता. खिडकीतून आलेले ऊन ओट्यावरून उतरून आता खाली फरशीवर पोहोचले होते. म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवायचे तर आता शिट्टी व्हायला हवी होती.

“…हॅलो?… हो, आलो. स्वयंपाकघरात हावो… कोणी नाही इथं… खिडकीत हे एक वानर बसलं हाये. त्याले घालवू?… बरं, बसू दे… आज? आज खिचडी… काल बी खिचडीच, पण काल पातळ होती… परवा? परवा करपली होती… अवं, जेवतो म्या, काळजी नको करू… नाही, बाजूच्या घरचा डबा सांगतला होता ते खोटं होतं… हो. पाच महिने… मुगाचीच. दुसरं कुठं येते मले?

“…हो. म्हणतो… म्हणतो ना. गळा साफ करू दे… सन्मतीची माय… सूरज…”

वानराने मान वळवून पाहिले. शेहेचाळीस वर्षांत या घरात हे नाव एकट्याने, मागेपुढे काही न जोडता, कोणी ऐकले नव्हते. आज त्याचा पासवर्ड झाला होता, तोही ‘बाई’ जोडून.

“…हाये, हाये लाइनवर. कुठं गेलो नाही… ते… म्या असं म्हणत होतो का… ऐकून राह्यली ना?… का हे रिमोटचे सेल संपले… हो, माहीत हाये तुले, तूच सांगतलं… तर तू येतानी दोन सेल आणजो.”

 बैठकीत रूपाने पर्स उघडून पुन्हा बंद केल्याचा आवाज आला.

“…हॅलो?… काय?… कारंज्यात भेटत नाही का?… भेटतात. भेटतात ना. इथं दोन पावलांवर भेटतात… पण पुण्याचे… लय दिवस टिकतात म्हणते… कोण म्हणते? म्या म्हणतो… हो… ये म्हणजे, सेल घेऊन ये… काहून, तिलेबी घेऊन ये, दात दाखवाले, चार दिवस. सुनेले सुट्टी भेटते का विचार…

“…घाई? आता रिमोटच बंद हाये म्हटल्यावर घाई तर हाये ना… शनिवारी?… सकाळच्या गाडीनं?… म्या येतो ना स्टँडवर. म्या. गाडी नाही धाडत, म्याच येतो… हो, पक्कं… हंगाम? असू दे हंगाम…

“…किती?… दोन. दोनच लागते, सन्मतीची माय. बारीकवाले पाहून आणजो, जाडे नको.”